मोटारसायकलला पेट्या लावाव्यात की बॅगा? कोकण किनाऱ्यावर फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हार्ड लगेज म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेट्या आणि सॉफ्ट लगेज म्हणजे कापडी बॅगा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण देशावर किंवा लडाखच्या वाटेवर जे सामान उत्तम चालतं ते रेवस ते रेड्डी या पट्ट्यात चालेलच असं नाही. इथे चार महिने धो धो पाऊस असतो, उरलेले आठ महिने खारी हवा असते आणि मुख्य रस्ता सोडला की दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट. खालची सगळी उत्तरं या तीन गोष्टी धरून दिली आहेत.

थोडक्यात सांगा, काय घ्यावं?

सागरी महामार्गाने चार-आठ दिवस फिरणाऱ्या बहुतेकांना हा संच पुरतो: मागे ३० ते ४० लिटरचा, चावीने बंद होणारा प्लॅस्टिकचा टॉप बॉक्स आणि दोन्ही बाजूंना तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, प्रत्येकी १५ ते २५ लिटरच्या बॅगा. टॉप बॉक्समध्ये कागदपत्रं, कॅमेरा, चार्जर. बॅगांत कपडे, हत्यारं, ट्यूब, पंप.

दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या मोठ्या पेट्या लावायला आमचा सहसा नकार असतो. त्या वाईट नसतात, पण इथल्या रस्त्यांना रुंद पडतात आणि रॅकसकट घेतल्या तर चांगल्या बॅगांच्या जोडीपेक्षा दोन-तीनपट महाग जातात. फक्त मुंबई-गोवा महामार्गावरून (क्रमांक ६६) जायचं, हॉटेलात उतरायचं आणि मागे रोज कुणीतरी बसणार, एवढाच वापर असेल तर पेट्या घ्यायला हरकत नाही.

बॅगेवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. तेवढं पुरे का?

नाही. आधी बॅग आतून उलटी करून शिवण बघा. सुईची शिवण असेल तर प्रत्येक टाक्याला एक भोक आहे, आणि मग कापड कितीही जाड असो, त्या भोकातून पाणी येणारच. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर दोन-तीन पावसाळे निघतात, नंतर पट्टीच्या कडा सुटायला लागतात. खात्रीची बॅग ती, जिच्या कडा उष्णतेने वितळवून जोडलेल्या असतात. कापड टीपीयू (लवचीक प्लॅस्टिक) किंवा ताडपत्रीच्या जातीचं पीव्हीसी, आणि तोंडाला चेन नाही.

तोंड गुंडाळायचीही पद्धत आहे. आधी गुडघ्याने दाबून आतली हवा काढा. दोन्ही कडा एकमेकींवर सपाट धरा, सुरकुती राहू देऊ नका, आणि किमान तीन वेढे घाला. मगच बक्कल लावा. दोन वेढ्यांवर भागवलं की वाऱ्याच्या जोराने कडेकडेने पाणी आत सरकतं. म्हणून बॅग गच्च भरू नये, वेढ्यांसाठी वरचा वीतभर भाग मोकळा ठेवावा. ४० लिटरच्या बॅगेत खरं सामान ३० ते ३२ लिटरच बसतं, हे धरूनच माप निवडा.

नायलॉनच्या विणलेल्या बॅगा (१००० डेनिअर वगैरे, म्हणजे जाड धाग्याच्या) घासायला चिवट असतात, पण त्यांच्या पाणीरोधकपणाचा भार आतल्या थरावर असतो. दमट उष्ण हवेत तो थर काही वर्षांनी चिकट होतो, मग पांढरे पापुद्रे सुटतात. कपड्यांना असे पापुद्रे चिकटलेले दिसले की ती बॅग पावसातून बाद समजा.

खरेदी झाली की घरीच परीक्षा घ्या. बॅगेत रद्दीचे कागद सैलसर भरा, बंद करून गाडीला बांधा आणि नळीने दहा मिनिटं पाणी मारा: पाच मिनिटं वरून, पाच मिनिटं चाकाच्या बाजूने, खालून वर. उघडल्यावर कागदावर ओल कुठे उमटली ते पाहिलं की पाणी कुठून शिरतं ते नेमकं कळतं. पेट्यांनाही हीच परीक्षा लावा.

रेन कव्हर मिळतं की सोबत. ते असताना वेगळी बॅग कशाला?

रेन कव्हर वरून येणाऱ्या पावसासाठी असतं. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून येतं आणि तिथे कव्हर उघडंच असतं. शिवाय आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते, ते कव्हरच्या तळाशी साठतं आणि बॅग त्यात भिजत बसते. सड्यावर (उघड्या माळावर) वारा भरला की कव्हर फुगतं, सुटतं, आणि नशीब वाईट असेल तर चाकात जातं. कव्हरवाली बॅग आधीच घेतलेली असेल तर टाकू नका. आत तोंड गुंडाळायची पातळ ड्राय बॅग घाला, सामान त्यात भरा आणि बाहेरची बॅग भिजू द्या.

पेटी तर पाण्याला पक्की असते ना?

नवी असताना असते. झाकणाच्या खाचेत रबरी गॅस्केट असतं आणि सगळी भिस्त त्याच्यावर. जांभ्याची लाल धूळ त्या खाचेत बसते, तिच्यावर झाकण दाबलं जातं आणि कणाएवढ्या फटीतून पाणी झिरपतं. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने खाच पुसा आणि बोटाने सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं आणि खाचेतून बाहेर येतं.

पेटीतली ओल कित्येकदा पावसाची नसतेच. भिजलेलं जर्किन आत टाकून पेटी बंद केली आणि नंतर ऊन पडलं, की आत वाफ धरते आणि झाकणाच्या आतून थेंब गळतात. ओले कपडे बाहेर, जाळीखाली बांधा.

खाऱ्या हवेने नक्की काय बिघडतं?

सगळ्यात आधी रॅक. पावडर कोटिंगला पेटीच्या कडेने किंवा बक्कलच्या घर्षणाने टवका उडतो, तिथून गंज धरतो आणि कोटिंगच्या आतून पसरत जातो. बाहेरून फक्त फुगवटा दिसतो. टवका दिसला की त्याच दिवशी पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि काळा रंग लावा. पोकळ पाइपाची तोंडं उघडी असतील तर त्यांना रबरी बुच बसवा, नाहीतर पाइप आतून खात जातो आणि एक दिवस वेल्डच्या शेजारी तुटतो.

दुसरं, ॲल्युमिनियमच्या पेटीला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असताना मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते ती हीच. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना अँटी-सीझ किंवा निदान ग्रीस लावा. वर्षभर न उघडलेला बोल्ट फिरवताना आटेच उपटून येतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा सैल करून परत आवळा.

तिसरं, कुलपं आणि चेनी. कुलपात ग्रॅफाइटची पूड घाला. तेल घातलं तर वाळूचे कण चिकटून लगदा होतो. बॅगेच्या धातूच्या चेनी एका मोसमात अडकायला लागतात, म्हणून प्लॅस्टिकच्या दातांची चेन बघून घ्या आणि तिच्यावरून अधूनमधून मेणबत्ती घासा.

फेरीने खाडी ओलांडली किंवा किनाऱ्याजवळ रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी रॅक, बोल्ट, बक्कल, चेन यांवरून गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओता. प्रेशर वॉशर नको, तो मीठ चेनीच्या आणि बेअरिंगच्या आत ढकलतो.

पेट्यांनी गाडी किती रुंद होते? खरंच एवढा फरक पडतो?

हँडलबार साधारण ८० ते ९० सेंटिमीटर रुंद असतो. बाजूच्या ॲल्युमिनियम पेट्यांची बाहेरून बाहेर रुंदी ९५ ते १०५ सेंटिमीटर भरते. सायलेन्सरच्या बाजूची पेटी आणखी बाहेर येते. म्हणजे हँडल निघालं म्हणून गाडी निघेल हा नेहमीचा अंदाज इथे फसतो: पुढचं निघतं, मागचं चिऱ्याला घासतं. आचऱ्याकडून मालवणकडे आडवाटेने जाताना किंवा गुहागर-वेळणेश्वर भागातल्या वाड्यांमधून वळताना समोरून एसटी आली की तुम्हाला गडग्याला खेटूनच थांबावं लागतं. तिथे मऊ बॅग दबते. पेटी दबत नाही, ती अख्ख्या गाडीला ढकलते.

विकत घ्यायच्या आधी हँडलबारचं माप घ्या. बाजूच्या सामानाची एकूण रुंदी त्याहून जास्त होणार असेल तर ते सामान या किनाऱ्यासाठी नको.

गाडी पडली तर?

खाली दगड नसेल तर प्लॅस्टिकची पेटी एखादा फटका सोसते, पण बिजागरी किंवा कडीचा कान तुटला की संपलं. ॲल्युमिनियमची पेटी वाकते. ती लाकडी मोगरीने सरळ करता येते, मात्र तोंडाची चौकट वाकडी झाली की झाकण पूर्वीसारखं बसत नाही आणि पाणी यायला लागतं. बॅग खरचटते.

पण सामानापेक्षा पायाची काळजी मोठी आहे. वाळूत, चिखलात किंवा शेवाळलेल्या उतारावर आपण दोन्ही पाय खाली टेकत टेकत गाडी सरकवतो. पाऊल जमिनीत रुतलं आणि गाडी पुढे गेली, तर बाजूची पेटी मागून पोटरीवर येते. पाय पेटी आणि जमीन यांच्यात सापडून हाड मोडू शकतं. म्हणून कच्च्या वाटेला जाणार असाल तर बाजूंना बॅगाच हव्यात, याबाबतीत आम्ही तडजोड सुचवत नाही. बाजूला पेट्या असतील तर अशा जागी उतरून, गाडीच्या डाव्या बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडत गाडी न्या.

टॉप बॉक्समध्ये किती वजन चालतं?

बॉक्सच्या आत किंवा रॅकच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. बऱ्याच बॉक्सना मर्यादा १० किलोची असते, पण गाडीबरोबर आलेल्या रॅकची त्याहून कमी असू शकते. दोन्हींतला लहान आकडा खरा.

हे इतकं काटेकोर का, ते हिशेबाने पाहा. समजा गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि बॉक्सचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३५ सेंटिमीटर मागे येतो. बॉक्स ४ किलोचा, आत सामान १० किलो, एकूण १४. पुढच्या चाकावरून कमी होणारं वजन १४ × ३५ ÷ १४० म्हणजे साडेतीन किलो, आणि मागच्या चाकावर १४ नाही, साडेसतरा किलो वाढतात. गाडी स्थिर उभी असताना एवढं. घाटात चढणीवर, मागे माणूस बसलेला असताना पुढचं चाक आणखी हलकं होतं, ओल्या वळणावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं. तेच वजन बाजूच्या बॅगांत, ॲक्सलच्या किंचित पुढे आणि खाली ठेवलं तर हा त्रास जवळपास जातो.

म्हणून जड ते खाली आणि पुढे: हत्यारं, सुटे भाग, पाण्याच्या बाटल्या बाजूच्या बॅगांच्या तळाशी. टॉप बॉक्समध्ये हलकं पण किमती. डाव्या-उजव्या बॅगेतला फरक एक-दीड किलोच्या आत ठेवा, ताणकाटा लावून मोजा.

सामान चढवल्यावर आणखी तीन कामं करायची असतात: मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवणं, मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेली हवा टायरमध्ये भरणं आणि हेडलाइट थोडा खाली करणं. तिसरं काम हमखास विसरलं जातं आणि रात्री समोरचा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारत राहतो.

सॅडल स्टे लागतोच का? नुसत्या सीटवरून बॅगा टाकल्या तर?

लागतो. सॅडल स्टे म्हणजे बॅग आत झुलू नये म्हणून गाडीच्या बाजूला बसवलेली लोखंडी चौकट. सीटवरून टाकलेली जोडी बॅग खड्ड्यात आत झुलते आणि टायरला, चेनला किंवा सायलेन्सरला लागते. डावीकडे साडी गार्ड असतो, तो थोडा आधार देतो, पण उजवीकडे बहुतेक गाड्यांना सायलेन्सर असतो आणि तिथे कापड वितळायला काही मिनिटं पुरतात. सायलेन्सर आणि बॅग यांत किमान ५ सेंटिमीटर अंतर हवं, तेही दोन माणसं बसून शॉकअप दबलेला असताना. एकाला वाकून बघायला सांगा आणि दोघांनी सीटवर दाब द्या. अंतर कमी पडत असेल तर सायलेन्सरवर हीट शील्ड बसवा किंवा उजवी बॅग लहान घ्या.

रॅक बसवताना एम ६ बोल्ट साधारण १० न्यूटन मीटर जोराने आवळा, एम ८ साधारण २२ ते २५, आणि आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा.

आणि हुकवाल्या रबरी बंज्या शक्यतो वापरू नका. ताणलेला हुक सुटला तर डोळ्याला लागतो, आणि सामान सैल होऊन बंजी चेन-स्प्रॉकेटमध्ये गेली तर मागचं चाक जागेवर अडकतं. बक्कलचे पट्टे घ्या आणि त्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून खोचा.

मालवण जेटीवर गाडी लावून सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय. सामान सुरक्षित राहील?

मालवण असो की जंजिऱ्यासाठी राजपुरी, होडीने जाऊन येण्यात दोन-तीन तास सहज जातात आणि तेवढा वेळ गाडी नजरेआड. इथे पेटी सरस आहे, म्हणूनच टॉप बॉक्स हवा. बॅगेला कुलूप लावलं तरी ब्लेडने कापड चिरता येतं. ज्या खोलीत उतरला आहात तिथे आधी बॅगा टाका, मग किल्ला बघा. मुक्काम बदलण्याच्या दिवशीच किल्ला असेल तर बॅगांत फक्त कपडे ठेवा आणि जोडीच्या मधून प्लॅस्टिकचं आवरण असलेली पोलादी वायर ओवून गाडीच्या चौकटीला कुलूप घाला.

फेरीबोटीत कशाचा त्रास होतो?

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या फेऱ्यांत मोटारसायकली गाड्यांच्या मधल्या फटीत लावायला सांगतात. रुंद पेटी शेजारच्या कारच्या दारावर घासते आणि वाद तिथून सुरू होतो. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, त्यावर पाणी आणि शेवाळ असतं. मागच्या माणसाला आधी उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत चढा आणि मधे ब्रेक दाबू नका. आत साइड स्टँड लावून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जवळच उभे राहा.

परतताना आंबे, आगळ, सुकी मासळी आणायची असते. कशात काय?

हापूसचा डझन साधारण तीन किलो धरा. बंद पेटीत उन्हात आंबे उकडतात, त्यांना घाम सुटतो आणि देठाजवळ काळं पडतं. ते बॅगेत पेंढा घालून, एकच थर, तोंड थोडं उघडं ठेवून आणा. पाऊस नसतानाचा मोसम असल्याने हे जमतं.

कोकमाचं आगळ मात्र बघून ठेवा. ते आंबट असतं आणि त्यात भरपूर मीठ असतं. बाटलीचं बूच सैल होऊन ॲल्युमिनियमच्या पेटीत सांडलं तर तळाला डाग पडून खड्डे पडतात. बुचाखाली प्लॅस्टिकचा कागद घाला, बाटली उभी ठेवा, तिला पिशवीत गुंडाळा आणि प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये द्या. सुके बोंबील, सोडे कापडी बॅगेत कधीच नकोत, तो वास शिवणीत बसतो. टॉप बॉक्स साबणाने धुतला की मोकळा होतो.

वाटेत काही तुटलं तर दुरुस्ती कुठे होईल?

बॅगेला हा मोठा फायदा आहे: रिक्षाचं हूड आणि सीट शिवणारा कारागीर तालुक्याच्या गावी सापडतो आणि त्याच्या मशीनवर जाड पट्टा, बक्कल, ठिगळ सगळं होतं. पाणीरोधक बॅगेला मात्र शिवण घालू देऊ नका, पीव्हीसीचा तुकडा आणि चिकट सोल्यूशन वापरा.

लोखंडी रॅक कुठलाही ग्रिल-फॅब्रिकेशनवाला जोडून देईल. ॲल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं, ते सहसा मोठ्या शहरातच. रॅक गाडीवरून उतरवूनच वेल्ड करून घ्या. उतरवणं अशक्यच असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) जाऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या सुधारणेनुसार मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० पेक्षा जास्त नसावी. ती मागच्या सीटच्या जागेवर बसवली असेल तर फक्त चालकाने बसायचं. सीटच्या मागे असेल तर दुसरा माणूस चालतो. नंबर प्लेट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. बाजूच्या बॅगांनी इंडिकेटर झाकले जात असतील तर ते बाहेर सरकवणारे ब्रॅकेट मिळतात.

चामड्याच्या बॅगा कशा वाटतात?

कोकणासाठी नको. एका पावसाळ्यात हिरवी बुरशी.

वाळूवर गाडी नेताना कुठलं सामान बरं?

कुठलंच नाही, गाडी किनाऱ्यावर नेऊच नका. सामानाने जड झालेलं मागचं चाक रुततं, भरतीची वेळ चुकली तर गाडी जाते. आणि वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, चाकाखाली घरटं आलं तर कळतही नाही. गाडी सुरूच्या बनाअलीकडे लावा.

गणपतीला मुंबईहून गावी जायचंय, दोघं आणि सामान. जमेल?

जमेल, पण आधी बेरीज करा. मॅन्युअलमध्ये गाडीचं भारासह कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं, त्यांतला फरक म्हणजे तुमचा वाटा. समजा तो १८० किलो आहे. हेल्मेट-जर्किनसह दोघं १५० किलो, रॅक आणि टॉप बॉक्स १० किलो. उरले २० किलो, तेवढ्यातच सगळं. अशा वेळी बाजूला ॲल्युमिनियमच्या पेट्या लावल्या तर त्या आणि त्यांचा रॅक मिळूनच १२ ते १५ किलो खातात, आणि कपडे भरायच्या आधीच बहुतेक वाटा संपतो. सजावटीचं सामान, मोदकाची भांडी, भेटवस्तू गावाकडे आधी जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. भाद्रपदातही पाऊस असतोच, तेव्हा अंगावरचा रेनकोट बॅगेच्या आत नाही, वर पट्ट्याखाली ठेवा, म्हणजे कशेडी घाटाच्या अलीकडे सर आली तर बॅग उघडावी लागणार नाही.

पावसाळा संपल्यावर बॅगा कशा ठेवायच्या?

साध्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, सौम्य साबण चालेल. उलट्या करून सावलीत दोन दिवस टांगा, उन्हात पीव्हीसी कडक होतं. तोंड गुंडाळून ठेवू नका, नाहीतर घडीच्या जागी भेग पडते. आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि बॅग जमिनीवर न ठेवता खुंटीला लावा. पेट्यांची झाकणं कडी न लावता नुसती टेकवून ठेवा, म्हणजे गॅस्केट दबून चपटं होणार नाही.